क्लचचं पेडल वर आलंय? आधी पट्टी काढा, मग पाना

आमच्या सोसायटीतले एक काका रविवारी सकाळी हमखास खाली भेटतात. त्या दिवशी भेटले ते तक्रार घेऊनच. "अरे, ऑल्टोचा क्लच फार वर आलाय. पाय पार वर येईपर्यंत गाडी हलतच नाही. तो खालचा नट जरा फिरवून पेडल खाली घे ना."

मी पाना काढला नाही, कंपासपेटीतली स्टीलची पट्टी काढली. काकांना ते आवडलं नाही. पण मोजल्यावर कळलं की पेडल वर आलेलंच नव्हतं. ते ब्रेकच्या पेडलाशी अगदी समपातळीत होतं. वर आली होती ती क्लचची पकड. पेडलाचा मोकळा प्ले जेमतेम ३ मिलिमीटर उरला होता. पेडलाचा स्टॉपर (पेडल वर जिथे अडतं तो बोल्ट) फिरवून उंची कमी केली असती तर काकांना दोन दिवस बरं वाटलं असतं, पण उरलासुरला प्लेही गेला असता आणि तिसऱ्या दिवशी क्लच घसरायला लागला असता.

घरी क्लच अ‍ॅडजस्ट करायला बसणारा बहुतेक जण इथेच चुकतो. 'पेडल वर आलंय' या एका वाक्यात आपण तीन वेगळ्या गोष्टी कोंबतो. त्या आधी सोडवून घेऊ.

तीन गोष्टी, तीन मापं

पहिली पेडलाची उंची. पायाने न दाबता पेडल जिथे उभं असतं, तिथपासून गाडीच्या तळापर्यंतचं अंतर. हे पेडलामागच्या स्टॉपरवर ठरतं आणि एरवी सहसा बदलत नाही.

दुसरी मोकळा प्ले. पेडल वरून दाबायला सुरुवात केली की आधी थोडं अंतर ते फुकट जातं, हाताला काहीच जोर लागत नाही. मग एकदम जडपणा जाणवतो. त्या जडपणापर्यंतचं अंतर म्हणजे प्ले. नवख्याला हा ढिलेपणा म्हणजे बिघाड वाटतो. पण तो मुद्दाम ठेवलेला असतो. इंजिनची ताकद गिअरबॉक्सकडे नेणारी चकती म्हणजे क्लच प्लेट, तिला दाबून धरते ती प्रेशर प्लेट, आणि पेडल दाबल्यावर तो दाब सोडवतं ते रिलीज बेअरिंग. केबलच्या क्लचमध्ये प्ले शून्य झाला की तुमचा पाय पेडलावर नसतानाही हे बेअरिंग प्रेशर प्लेटवर टेकून राहतं. जणू कुणीतरी सतत हाफ क्लच धरून बसलंय.

तिसरी पकड, म्हणजे पेडल सोडताना गाडी जिथे हलायला लागते ती जागा. ही थेट अ‍ॅडजस्ट होत नाही. ती उंची आणि प्ले यांच्यावर, शिवाय क्लच प्लेट किती झिजली आहे यावर ठरते. आपल्याला जाणवते मात्र हीच, म्हणून सगळे हिच्याच मागे लागतात.

सुरुवात करण्याआधी

गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला, गिअर न्यूट्रल, पुढच्या-मागच्या चाकांना विटा किंवा लाकडी गुटके. इंजिन बंद आणि थंड. सामान फार नाही: स्टीलची पट्टी, १० आणि १२ नंबरचे पाने, पक्कड, बॅटरी किंवा मोबाइलचा टॉर्च, खडू किंवा व्हाइटनर आणि एक कागद. पेडलाखाली डोकं घालून उताणं पडावं लागतं, तेव्हा डोक्याखाली जुनी चादर घ्या. तिथून धूळ, खडे, कधीकाळची टोलची पावती असं काहीही तोंडावर पडतं.

आणि सगळ्यात आधी मॅट काढा. हे मी अगदी गंभीरपणे सांगतोय. कंपनीच्या कार्पेटवर रबरी मॅट, त्यावर बाजारातली जाड थ्री-डी मॅट आणि पावसाळ्यात त्यावर वर्तमानपत्र, अशा गाड्या मी पाहिल्यात. इतकं सगळं पेडलाखाली साचलं की पेडल तळापर्यंत जातच नाही, क्लच पूर्ण सुटत नाही आणि पहिला गिअर अडकत जातो. मॅट बाहेर काढून गाडी एकदा चालवून बघा. काही जणांचा हा लेख इथेच संपेल.

सीटचंही तसंच. क्लच पूर्ण दाबल्यावर डावा गुडघा किंचित वाकलेला राहायला हवा. पाय ताठ होत असेल तर सीट पुढे घ्या. उंची कमी असलेल्या माणसासाठी पेडल खाली उतरवून घेण्याची टूम काही ठिकाणी आहे, ती चुकीची आहे. पेडलाची वरची जागा खाली आणली तर दाबायला उरणारं एकूण अंतरच कमी होतं. सीट वर-पुढे करा, पाठीमागे उशी घ्या. पेडलाला हात लावू नका.

उंची मोजणं

कार्पेटची कड उचला, पट्टीचं टोक खालच्या पत्र्यावर टेकवा आणि पेडलाच्या रबराच्या मध्यापर्यंतचं अंतर घ्या. आकडा कागदावर लिहा. मग शेजारच्या ब्रेकचं अंतर त्याच पद्धतीने घ्या. अचूक आकडा प्रत्येक मॉडेलच्या सर्व्हिस पुस्तिकेत वेगळा असतो, पण मारुतीच्या छोट्या गाड्यांच्या बाबतीत एक सोपा अंदाज चालतो: क्लचचं पेडल ब्रेकच्या बरोबरीने किंवा अगदी किंचित वर असावं. दोन्हींच्या रबरांवर पट्टी आडवी ठेवली की लगेच कळतं.

क्लच ब्रेकच्या बराच खाली किंवा वर असेल तर डॅशबोर्डखाली टॉर्च मारा. पेडलाचा दांडा वर जिथे विसावतो, तिथे ब्रॅकेटमध्ये एक बोल्ट दिसेल, त्यावर लॉक नट असेल. काही गाड्यांत त्या बोल्टच्या जागी स्विचच बसवलेला असतो. लॉक नट ढिला करा, बोल्ट अर्धा अर्धा फेरा फिरवा, मोजा, लॉक नट पुन्हा घट्ट करा. काही गाड्यांत बोल्ट नसतो, नुसतं रबर किंवा प्लास्टिकचं बूच असतं. ते वाळून फुटतं आणि पेडल एकाएकी थोडं जास्तच वर येतं. मॅटवर प्लास्टिकचा चुरा सापडला तर शोध इथेच संपला. तेवढं बूच बदला, बाकी काही फिरवू नका.

स्विच असलेल्या गाडीत थोडं जपून. क्लच दाबल्याशिवाय सुरू न होणाऱ्या गाड्यांत पेडलापाशी एक स्विच असतो. हलवाहलवीत तो सरकला तर गाडी सुरूच होणार नाही आणि तुम्ही बॅटरीला दोष देत बसाल.

उंची ठीक असेल, आणि बहुतेक गाड्यांत ती असतेच, तर तिला हात न लावता पुढे चला.

केबलचा क्लच: ८००, ऑल्टो, ओम्नी, वॅगनआर

१९८३ साली आलेली मारुती ८०० २०१४ साली बंद झाली, तरी तिचा केबलचा क्लच अनेक छोट्या गाड्यांत अजून जिवंत आहे. तो शिकायला सगळ्यात सोपा, कारण त्यात लपलेलं काहीच नाही. पेडलाच्या दांड्याला केबलचं एक टोक अडकवलेलं. ती पत्र्यातून आरपार बॉनेटखाली येते आणि गिअरबॉक्सवरच्या लिव्हरला जाऊन मिळते. तिथे केबलच्या टोकाला आटे असतात आणि त्यावर एक नट. काकांनी सांगितलेला 'खालचा नट' तो हाच. केबल कुठून जाते ते समजत नसेल तर पत्र्यापासून तिच्यावर बोट ठेवा आणि बोटाने माग काढत जा.

आधी प्ले मोजू. पट्टी पेडलाशेजारी उभी धरा. पेडल पायाने नाही, हाताने दाबा. पायाला तो पहिला हलका जडपणा कळत नाही, बोटांना लगेच कळतो. दोन बोटांनी हळूच दाबा. आधी पेडल लोण्यातून गेल्यासारखं जातं, मग बोटांना काहीतरी लागतं. तिथे थांबा आणि आकडा वाचा. तीनदा करा. मारुतीच्या छोट्या गाड्यांत साधारण १५ ते २५ मिलिमीटरच्या आसपास प्ले चांगला. तुमच्या मॉडेलच्या पुस्तिकेत आकडा असेल तर तोच धरा.

आता बॉनेटखाली लिव्हर बोटाने हलवून बघा. तोही दोन-चार मिलिमीटर मोकळा हलायला हवा. या दोन आकड्यांतला फरक नीट लक्षात घ्या, पुढचं सगळं काम त्यावर आहे. लिव्हरपाशी एक मिलिमीटर म्हणजे पेडलापाशी साधारण सहा-सात. नटाचा एक पूर्ण फेरा म्हणजे केबलवर एखाद मिलिमीटर, अर्थात पेडलावर पाऊण सेंटिमीटरच्या आसपास. म्हणून हा नट 'चार-पाच आटे घट्ट' करायचा नसतो. तो अर्ध्या फेऱ्याच्या भाषेतच बोलतो.

नटावर आणि आट्यांवर खडूची एक बारीक रेघ मारा, म्हणजे बिनसलं तर मूळ जागी परत येता येईल. आटे गंजलेले असतील, कोकणातल्या गाडीत ते असतातच, तर तारेच्या ब्रशने घासा, गंज सोडवणारा स्प्रे मारा आणि चहा पिऊन या. दुसरा लॉक नट असेल तर तो आधी ढिला करा. आता आट्यांचं मागचं टोक पक्कडीने हलकेच धरून ठेवा आणि मगच नट फिरवा. असं धरलं नाही तर नटाबरोबर केबलही पिळली जाते. पिळलेली केबल आतून एकेक तार सोडत जाते आणि नेमकी वरंध घाटात तुटते.

नट घट्ट केला, म्हणजे लिव्हरच्या दिशेने आत घेतला, की प्ले कमी होतो आणि पकड वर जाते. ढिला केला की प्ले वाढतो आणि पकड खाली येते. अर्धा फेरा फिरवा. आत जाऊन पेडल पूर्ण दहा वेळा दाबा, म्हणजे केबल आपापल्या जागी बसते. पुन्हा मोजा. हवा तो आकडा मिळेपर्यंत हीच ये-जा. बॉनेटपाशी एक आणि पेडलापाशी एक अशी दोन माणसं असली तर वीस मिनिटांचं काम, एकट्याने केलं तर कंबर बोलते.

काही गाड्यांत हा नट सापडणारच नाही. तिथे केबलचा ताण आपोआप जुळवणारी दातेरी यंत्रणा असते. ती चुकीचं काम करत असेल तर सुटा भाग बदलतात, हाताने जुळवत नाहीत.

नटाची जागा काय सांगते

मला या सगळ्यात सर्वांत आवडणारी गोष्ट ही. नट आट्यांवर कुठे उभा आहे, हे बघूनच गाडीचा निम्मा इतिहास कळतो.

क्लच प्लेट झिजून पातळ झाली की प्रेशर प्लेटची बोटं (तिच्या स्प्रिंगच्या पट्ट्या) रिलीज बेअरिंगच्या दिशेने बाहेर येतात. त्यामुळे लिव्हर मागे ढकलला जातो आणि केबलमधला मोकळा भाग तो खाऊन टाकतो. प्ले कमी होतो, पकड वर येते. हे भरून काढायला दरवेळी नट ढिला करावा लागतो, म्हणजे तो टोकाकडे सरकत जातो. म्हणून नट अगदी टोकाशी लटकलेला दिसला तर प्लेट संपत आली आहे.

याच्या उलट केबल ताणली, तिचं बाहेरचं आवरण दबलं किंवा पेडलाचं बुश (पिनेभोवतीची बारीक नळी) झिजलं, तर प्ले वाढतो आणि पकड तळाशी जाते. तिथे नट आत आत घट्ट करत न्यावा लागतो आणि टोकाला बरेच आटे उघडे पडतात. तसं दिसलं तर केबलच्या दोन्ही टोकांवर टॉर्च मारा. एक जरी बारीक तार तुटून सुईसारखी बाहेर आली असेल, तर अ‍ॅडजस्टमेंट विसरा आणि केबल बदला. प्लेटच्या कामापुढे ही केबल फारच स्वस्त.

काकांचा नट टोकापासून दोन आट्यांवर होता. एक फेरा ढिला केला, प्ले १० मिलिमीटरच्या घरात आला. तेवढ्यावरच थांबलो, कारण पुढे नटाला धरायला आटेच उरले नसते. "झालं?" काका खूश. "पेडलाचं झालं," मी म्हटलं, "प्लेटचं गॅरेजमध्ये होईल."

ऑइलचा क्लच: इनोव्हा, सिटी, स्कॉर्पिओ

इथे केबल नाही. पेडल दाबलं की त्याला जोडलेला दांडा, म्हणजे पुशरॉड, वरच्या मास्टर सिलिंडरमधला पिस्टन ढकलतो, ब्रेक ऑइल पाइपातून खालच्या स्लेव्ह सिलिंडरकडे जातं आणि तो क्लच सोडतो. प्लेट झिजली तर स्लेव्हचा पिस्टन आपोआप मागे सरकतो आणि जास्तीचं ऑइल टाकीत परत जातं. म्हणून या गाड्यांत झिजेसाठी काहीच अ‍ॅडजस्ट करायचं नसतं. पेडल एकाएकी बदललं असेल तर कारण बहुतेक वेळा ऑइलमध्ये सापडतं.

तेव्हा पाना हातात घेण्याआधी ऑइलची पातळी बघा. अनेक गाड्यांत क्लच आणि ब्रेक यांची टाकी एकच असते, तेव्हा पातळी खाली गेली असेल तर ती दोघांचीही काळजी. पेडलाच्या वर, पुशरॉड जिथे पत्र्यात शिरतो तिथल्या रबराखाली बोट फिरवा. ओलं लागलं तर मास्टर सिलिंडर गळतोय. गिअरबॉक्सजवळच्या स्लेव्हच्या रबराखालीही तसंच बघा. पेडल दोन-तीनदा भराभर मारल्यावर क्लच सुधारतो आणि थोड्या वेळाने पुन्हा ढेपाळतो, तर लाइनमध्ये हवा आहे किंवा सिलिंडरची सील गेलीय. त्यावर इलाज एअर काढणं किंवा सील बदलणं. पुशरॉड फिरवून काही होत नाही. हे ऑइल रंगावर सांडलं तर रंग उचलतं, लगेच भरपूर पाण्याने धुवा.

यातलं काहीच नसेल, किंवा नुकताच मास्टर सिलिंडर बदलला असेल, तरच पुढचं. आधी वर सांगितल्याप्रमाणे स्टॉपरने उंची ठरवायची आणि मगच पुशरॉड. क्रम उलटा चालत नाही, कारण उंची हलली की पुशरॉडचा प्लेही हलतो. पुशरॉडवरचा लॉक नट ढिला करा आणि रॉड बोटांनी फिरवा, तो लांब किंवा आखूड होतो. टोयोटाच्या अनेक गाड्यांच्या पुस्तिकांत पेडलाचा एकूण मोकळा प्ले ५ ते १५ मिलिमीटर आणि त्यातला पुशरॉडचा वाटा, पेडलाच्या टोकाशी मोजलेला, १ ते ५ मिलिमीटर दिलेला असतो. पुशरॉडचा प्ले म्हणजे बोटाने पेडल हलकेच हलवताना लागणारी अगदी पहिली, नाजूक 'टिक'. दुसरा जडपणा नंतर येतो. दोन्हींत गल्लत करू नका.

तो मिलिमीटरभर प्ले एवढा महत्त्वाचा का? पेडल सोडल्यावर मास्टरचा पिस्टन पूर्ण मागे आला तरच टाकीकडे जाणारं बारीक छिद्र उघडतं. रॉड जास्त लांब केला तर पिस्टन थोडा दाबलेलाच राहतो आणि छिद्र बंद. इंजिनच्या उष्णतेने ऑइल फुगतं, त्याला परत जायला वाट नाही, मग ते स्लेव्हलाच ढकलतं. एका मित्राच्या गाडीत एका गॅरेजने 'क्लच जरा वरून पकडू दे' म्हणून रॉड लांब करून दिला होता. सकाळी गाडी झकास. चांदणी चौकाच्या ट्रॅफिकमध्ये अर्धा तास गेला की इंजिन गुरगुरायचं आणि गाडी जागची हलायची नाही. रात्रभर थंड झाली की पुन्हा शहाणी. तीन आठवडे त्याने प्लेटला शिव्या घातल्या, दोष फक्त रॉडचा होता. रॉड आखूड करून प्ले परत दिला तेव्हा प्रश्न सुटला, पण तोवर प्लेट खरंच जळाली होती.

काम जमलं का?

इंजिन सुरू करा, रेस देऊ नका. क्लच तळापर्यंत दाबा, तीन-चार सेकंद थांबा आणि रिव्हर्स टाका. आवाज न करता पडला तर क्लच पूर्ण सुटतोय. करकरला तर प्ले अजून जास्त आहे, किंवा पेडल तळापर्यंत जात नाहीये. पकड तळाला अगदी चिकटून नको. पेडल तळापासून निदान इंचभर वर आल्यावरच गाडी ओढ घ्यायला हवी.

मग उलट बाजूने. मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गिअरला ४० च्या वेगाने जाताना अ‍ॅक्सिलरेटर एकदम दाबा. इंजिनचा आवाज चढला आणि वेग मात्र तसाच राहिला, तर क्लच घसरतोय. ८०० सारख्या गाडीत आरपीएमचा काटा नसतो, पण कानाला हे स्पष्ट कळतं. चढावर अजूनच. प्ले योग्य ठेवूनही घसरत असेल तर प्लेट गेली. करपट वास येईपर्यंत पुन्हा पुन्हा तपासत बसू नका, एक फेरी पुरे.

पेडल जड लागतंय ही तक्रार यातल्या कशानेही जाणार नाही. ती कोरड्या केबलची किंवा जुन्या प्रेशर प्लेटची असते. पेडलाच्या वरच्या पिनेला थोडं ग्रीस लावा. केबलमध्ये मात्र ऑइल ओतू नका, आत प्लास्टिकचं अस्तर असलेल्या केबलमध्ये ते धूळ धरून उलट जाम होतं.

शेवटी सगळे लॉक नट पुन्हा एकदा पान्याने तपासा, मॅट एकच टाका आणि तो कागद ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवा: तारीख, किलोमीटर, उंची, प्ले आणि टोकाला उरलेले आटे. काकांच्या कागदावर शेवटच्या रकान्यात मी '१' लिहिलं. पुढच्या शनिवारी ते स्वतःच गॅरेजची वेळ घेऊन आले.